कुलूप अडवणारी गोळी

विंचू चावलेल्या माणसाला ब्लडप्रेशरची गोळी! ऐकायला विचित्र वाटतं ना, दोस्तांनो? पण रायगड जिल्ह्यात, महाडच्या आसपास या एवढ्याशा गोळीनं कितीतरी मुलांचे प्राण वाचवले आहेत. आणि गंमत म्हणजे ती विषाला हातही लावत नाही. मग करते तरी काय?

आधी विंचवाची ओळख करून घेऊ. काळी, जाडजूड इंगळी दिसायला भयंकर. तिनं नांगी मारली की माणूस ठणक्यानं रात्रभर तळमळतो, पण सहसा जिवावर बेतत नाही. खरा धोका छोट्या लाल विंचवाचा. हा पेंढ्यात, जळणात, दगडाखाली, कधी तर बुटात दडून बसतो. पूर्वी महाड भागात त्याच्या विषानं गंभीर झालेल्या शंभरातले सुमारे ३० रुग्ण दगावत. त्यात लहान मुलं फार.

का बरं? त्याआधी एक सांगा, परीक्षेचा पेपर हातात पडला की तुमची बोटं गार पडतात की नाही? त्या वेळी मज्जातंतूंच्या टोकांतून नॉरअॅड्रेनलिन नावाचं रसायन सुटतं आणि रक्तवाहिन्यांवरच्या ठराविक जागी जाऊन बसतं. या जागा म्हणजे रिसेप्टर, मराठीत ग्राही. ग्राही हे कुलूप समजा आणि नॉरअॅड्रेनलिन ही किल्ली. किल्ली फिरली की रक्तवाहिनी आवळते. पेपर सोपा निघाला की किल्ल्या परत जातात आणि बोटं पुन्हा उबदार होतात.

शरीरात अशी कुलपं असावीत, हे केंब्रिजच्या जॉन लँगली यांनी १९०५ मध्ये मांडलं. पुढे १९४८ मध्ये अमेरिकेतल्या रेमंड आल्क्विस्ट यांनी दाखवलं की या किल्लीची कुलपंसुद्धा एका जातीची नाहीत. त्यांनी त्यांना अल्फा आणि बीटा अशी नावं दिली. रक्तवाहिन्या आवळणारं कुलूप ते अल्फा.

आता विंचवाचं विष काय करतं, तर मज्जातंतूंमधली सोडियमची दारं नीट मिटूच देत नाही. मग किल्ल्यांचा नुसता पूर येतो! रक्तवाहिन्या एकदम आवळतात, रक्तदाब भडकतो, हृदय थकतं, फुप्फुसांत पाणी भरतं. अंगाला दरदरून घाम आणि हातपाय मात्र बर्फासारखे.

महाडजवळच्या बिरवाडीच्या सरकारी आरोग्य केंद्रात डॉ. हिंमतराव बावस्कर हे सगळं डोळ्यांनी बघत होते. रुग्णाशेजारी बसून नाडी, रक्तदाब टिपत होते. त्यांना वाटलं, किल्ल्यांचा पूर थांबवता येत नसेल तर कुलपंच अडवली तर? प्राझोसिन ही रक्तदाबाची गोळी नेमकं तेच करते. ती अल्फा कुलपात बसते, पण फिरत नाही. कुलपात काडी मोडून अडकली की खरी किल्ली आत जाते का? (हा उद्योग वर्गाच्या कुलपावर करू नका बरं!) १९८६ मध्ये डॉ. हिंमतराव आणि त्यांच्या पत्नी डॉ. प्रमोदिनी यांनी हा उपचार 'लॅन्सेट' या नियतकालिकात जगापुढे ठेवला.

हुशार आहात, म्हणून एक शंका येईलच: मग आजोबांच्या डब्यातली बीपीची गोळी द्यावी का? मुळीच नाही! बीपीच्या गोळ्या अनेक. कुणी बीटा कुलूप अडवते, कुणी आणखी तिसरंच काही करते. शिवाय प्राझोसिन घेऊन झटकन उठलं तर रक्तदाब घसरून चक्कर येते, कारण उभं राहताना रक्तवाहिन्या आवळणाऱ्या रोजच्या किल्लीचीही वाट तिनं अडवलेली असते. म्हणून रुग्णाला झोपवूनच ठेवतात. चावल्याबरोबर मांत्रिकाकडे वेळ न घालवता थेट दवाखाना गाठायचा.

आता या विषावर प्रतिविषही मिळतं. ते विषालाच पकडतं. प्राझोसिनबरोबर ते दिलं तर रुग्ण लवकर सावरतात, हे बावस्कर दांपत्यानं २०११ मध्ये प्रसिद्ध केलं.

अडकलेली काडी मात्र काही तासांत निघून जाते. म्हणून प्राझोसिन दर तीन तासांनी पुन्हा देतात. कुठवर? डॉक्टर रुग्णाच्या तळव्याला हात लावून बघतात. तो कोरडा आणि ऊबदार लागेपर्यंत.