ब्रेक एकाएकी जात नाहीत

अपघाताच्या बातमीत ‘ब्रेक फेल झाले’ हे शब्द वाचले की आपण नशिबाला दोष देऊन पुढे जातो. 20 नोव्हेंबर 2022 रोजी पुण्याच्या नवले पुलाजवळ एका अवजड वाहनाने उतारावर कितीतरी गाड्यांना धडक दिली, तेव्हाही आधी हेच कारण सांगितलं गेलं. पुढे प्राथमिक तपासानंतर पोलिसांनी सांगितलं, की चालकाने उतारावर इंजिनच बंद केलं होतं. इंजिन बंद करून गाडी न्यूट्रलमध्ये सोडली की इंजिनाचा अटकाव जातो आणि सगळा भार एकट्या ब्रेकवर येतो. म्हणून ‘फेल झाले’ म्हणण्याआधी त्यामागे कोणती चूक किंवा किती दिवसांची हेळसांड आहे, हे विचारायला हवं. घरच्या मोटारीच्या बाबतीत तर हा प्रश्न फारच महत्त्वाचा आहे, कारण तिचे ब्रेक बहुधा बरेच दिवस आधीपासून सूचना देत असतात.

या सूचना कानाला, पायाला आणि डोळ्यांना कळतात. पुष्कळ ब्रेक पॅडना पत्र्याची एक छोटी पट्टी असते. पॅड झिजून पातळ झालं की ती डिस्कला घासते आणि ब्रेक दाबताना बारीक किंचाळल्यासारखा आवाज येतो. तिकडे दुर्लक्ष केलं की मसाला संपतो, लोखंडावर लोखंड घासतं आणि खरखर सुरू होते. मग पॅडबरोबर डिस्कही बदलावी लागते. पेडल पूर्वीपेक्षा खाली जाऊ लागलं, स्पंजासारखं दबलं किंवा दोन-तीनदा पंप मारल्यावरच ब्रेक लागू लागला, तर ब्रेक ऑइल गळतंय किंवा पाइपात हवा शिरली आहे, असं समजावं. ब्रेक लावताच गाडी एका बाजूला ओढत असेल, तर दोन्हीकडची चाकं सारखी धरली जात नाहीत. पेडल थरथरत असेल, तर डिस्क बहुधा एकसारखी राहिलेली नाही. बॉनेट उघडून ऑइलच्या डबीवरच्या ‘मिन’ आणि ‘मॅक्स’ या खुणा पाहायला अर्धं मिनिटही लागत नाही. ब्रेक ऑइल हवेतली ओल शोषतं. डॉट 4 प्रतीचं नवं ऑइल किमान 230 अंशांपर्यंत उकळत नाही. ओल शोषल्यावर ही मर्यादा 155 अंशांपर्यंत उतरू शकते. लांब उतारावर ब्रेक तापले की असं ऑइल उकळतं, त्यात वाफेचे बुडबुडे होतात आणि पेडल पोकळ लागतं.

यावर कुणी म्हणेल, सकाळी गाडी काढताना ब्रेक करकरतात, मग रोज गॅरेज गाठायचं का? नाही. पावसानंतर किंवा गाडी धुतल्यावर डिस्कवर गंजाचा पातळ थर येतो आणि चार-दोनदा ब्रेक लावले की तो निघून जातो. जो आवाज जात नाही, उलट वाढत जातो, त्याचीच काळजी करायची. दुसरा आक्षेप असा, की पाइप एकाएकी फुटला तर कुणी काय करणार? असं घडू शकतं. पण हल्लीच्या मोटारीत ब्रेकचे दोन स्वतंत्र मार्ग असतात. एक गेला तरी दुसऱ्याने गाडी थांबवता येते, अंतर मात्र जास्त लागतं. शिवाय पाइपाला चढलेला गंज आणि चाकाच्या आतल्या बाजूची ऑइलची ओल तपासणीत आधीच दिसू शकते. पीयूसी वेळेवर काढतो ना, असंही म्हटलं जातं. पण पीयूसी फक्त धूर तपासते. खासगी मोटारीची नोंदणी 15 वर्षांची असते आणि एवढ्या काळात तिचे ब्रेक तपासून घेण्याची जबाबदारी बहुतांशी मालकाचीच राहते.

पुणे जिल्ह्यातल्या केंदूरसारख्या गावात ही जबाबदारी आणखी मोठी होते. गावात ताशी 30-40 किलोमीटर वेगाने फिरताना अर्धेमुर्धे ब्रेकही पुरेसे वाटतात. तीच मोटार शिक्रापूरला येऊन पुणे-अहिल्यानगर महामार्गावर 80 चा वेग धरते, तेव्हा 40 च्या मानाने तिला थांबवायला ब्रेकना चौपट ऊर्जा जिरवावी लागते. गाळप हंगामात अंधारात अचानक उसाची ट्रॉली पुढे दिसली, की हा फरक जिवावर बेततो. त्यामुळे ‘गावातल्या गावात चालतंय ना’ ही ब्रेकची परीक्षा नव्हे. आवाज सुरू होताच पॅड बदलावं, त्याचा खर्च डिस्कच्या मानाने थोडा असतो. पेडल खाली गेलेलं जाणवलं, तर गाडी महामार्गावर न नेता मेकॅनिकला घरी बोलवावं.