पर्यावरणशास्त्राचे अध्ययन आणि नित्याच्या सवयी : पादांशिक क्रमाच्या दृष्टीने

चरकसंहितेच्या विमानस्थानातील जनपदोद्ध्वंसनीय अध्यायाचा प्रारंभ वर्गात बसून होत नाही. ग्रीष्माच्या अखेरीस पुनर्वसु आत्रेय कांपिल्य राजधानीजवळ, गंगातीरावरील वनात शिष्यांसह फिरत आहेत आणि फिरता फिरता अग्निवेशास सांगत आहेत की, सृष्टीची लक्षणे बिघडू लागली आहेत, भूमी विरस होण्यापूर्वी औषधी काढून ठेवा. वायु, उदक, देश व काल हे चार भाव दूषित झाले असता भिन्न प्रकृतीचे लोकही एकाच वेळी एकाच व्याधीने का ग्रस्त होतात, हे विवेचन त्यानंतर येते. या अध्यायावर परीक्षेत हमखास प्रश्न येतो म्हणून आपण तो पाठ केला. नदीकाठी जाऊन तो वाचला असे सांगणारा वैद्य मला तरी भेटलेला नाही. मीही त्यास अपवाद नव्हतो. आणि माझ्या खापा येथील दवाखान्यापासून कन्हान नदी पायी दहा मिनिटांवर आहे.

प्रस्तुत लेखाचे निमित्त मात्र संहिता नसून माझ्या मुलीची एक वही आहे. ती नागपूर येथे विज्ञान शाखेत शिकते. पदवीच्या प्रत्येक विद्यार्थ्यास पर्यावरणशास्त्र शिकावे लागते, यामागील इतिहास आपणांपैकी अनेकांस विदित असेल. मेहता विरुद्ध भारत सरकार या प्रकरणी सर्वोच्च न्यायालयाने २२ नोव्हेंबर १९९१ रोजी पर्यावरण हा विषय शिक्षणाच्या सर्व स्तरांवर शिकविण्याचा निर्देश दिला. त्यानुसार विद्यापीठ अनुदान आयोगाने २००३ च्या सुमारास पदवी वर्गांसाठी सहा महिन्यांचा सक्तीचा अभ्यासक्रम तयार केला. त्यात ५० तासिका होत्या व त्यांपैकी केवळ ५ क्षेत्रकार्यासाठी होत्या. परंतु १०० पैकी २५ गुण या क्षेत्रकार्यास ठेविले होते. नव्या शैक्षणिक धोरणास अनुसरून २०२३ मध्ये आयोगाने मार्गदर्शक तत्त्वे नव्याने काढली. शाळेत तिसरीपासून परिसर अभ्यास असतो, कनिष्ठ महाविद्यालयात पर्यावरण शिक्षण असते. म्हणजे माझ्या मुलीने ओझोनचा थर, हरितगृह परिणाम व प्लास्टिकचे दुष्परिणाम यांवर महाविद्यालयात जाण्यापूर्वीच अनेकदा उत्तरे लिहिली होती. तरीही ती दात घासताना नळ चालू ठेवीत असे आणि बसस्थानकावर रोज पाण्याची नवी बाटली विकत घेत असे.

हा नळ बंद झाला तो क्षेत्रकार्याच्या वहीमुळे. प्राध्यापकांनी सात दिवस स्वतःच्या घराची नोंद ठेवावयास सांगितली होती : पाणी किती बादल्या वापरले, कचरा किती निघाला, कशाचा निघाला, आणि घरातून निघून तो गेला कोठे. शेवटचा रकाना सर्वांत कठीण. पहिले तीन दिवस तिने तेथे केवळ ‘बाहेर’ असे लिहिले होते. चौथ्या दिवशी ती नगर परिषदेच्या घंटागाडीच्या मागे चालत गेली. पाचव्या दिवशी आमच्या घरामागील नाली जेथे मोठ्या नाल्यास मिळते व तो नाला जेथे नदीकडे वळतो तेथवर गेली. सातव्या दिवशी तिने एक साधा नकाशा काढला. त्यात आमची नाली, नाला, कन्हान आणि पुढे नागपूरच्या पाणीपुरवठ्यासाठी कन्हानचे पाणी उचलले जाते ते ठिकाण, अशी एक सलग रेषा होती. तिचे महाविद्यालय शहराच्या ज्या पूर्व भागात आहे तेथे हेच पाणी येते. ‘बाबा, आपण येथे जे सोडतो ते मी तेथे पिते,’ एवढेच ती म्हणाली.

नदीचे आरोग्य केवळ आमच्या नालीवर अवलंबून आहे असा याचा अर्थ नव्हे. कोराडी वीज केंद्राचा खसाळा येथील राखेचा तलाव जुलै २०२२ मध्ये फुटला आणि राखमिश्रित पाणी कन्हानपर्यंत पोचले, त्यापुढे एका घराची नाली म्हणजे काहीच नव्हे. पण विद्यार्थ्याच्या सवयीवर परिणाम करण्याची शक्ती राखेच्या तलावापेक्षा या नालीत अधिक आहे, असे माझे निरीक्षण आहे. राखेच्या तलावाविषयी तो संताप करू शकतो. नालीविषयी त्यास काही तरी करता येते.

आता वहीतील ज्या पानामुळे हा लेख या त्रैमासिकासाठी लिहावा लागला त्याकडे वळतो. घर व दवाखाना एकाच वास्तूत असल्याने तिने दवाखान्याचीही नोंद केली होती. ‘कालबाह्य औषधे’ या शीर्षकाखाली लिहिले होते : आसव-अरिष्टे नालीत, चूर्णे व प्लास्टिकचे डबे मागील अंगणात जाळून, गुटी-वटी घंटागाडीत, रसकल्प नालीत. प्रत्येक शब्द खरा होता. मी रागावलो, हे कबूल करतो. औषधांतले तुला काय कळते, असेही बोलून गेलो. ती काही बोलली नाही. तिने ते पान फाडलेही नाही. त्याच खोलीच्या भिंतीवर, रुग्णांच्या बाकासमोर, जल दूषित करू नये इत्यादी सद्वृत्ताचे नियम मी स्वतः रंगवून घेतलेले आहेत.

राग ओसरल्यावर प्रत्येक नोंदीचा विचार केला. आसव-अरिष्टे वनस्पतिजन्य असतात, त्यांनी काय बिघडणार, अशी आपली समजूत असते. परंतु त्यांत गूळ, साखर व संधानातून निर्माण झालेले मद्य असते. असे द्रव पाण्यात गेले की त्यांचे विघटन करणारे जिवाणू पाण्यातील प्राणवायू वापरून टाकतात. स्वस्थवृत्ताच्या पुस्तकात आपण जैविक प्राणवायूची मागणी म्हणून जे शिकलो ते हेच. ४५० मिलिलिटरची एक बाटली नदीस जाणवणार नाही. उन्हाळ्यात थबकलेल्या नालीत ओतलेल्या वीस बाटल्या मात्र दुर्गंधीने स्वतःच जाणवून देतात. अंगणातील जाळाविषयी सांगावयाचे तर, जैववैद्यकीय कचऱ्याच्या अधिकृत भट्टीत दुसऱ्या कक्षाचे तापमान १०५० अंश सेल्सिअसच्या आसपास राखावे लागते, कारण कमी तापमानात क्लोरीनयुक्त प्लास्टिक जळताना डायॉक्सिनसारखी विषारी द्रव्ये तयार होतात. माझ्या अंगणात तेवढी उष्णता नसते; धूर मात्र शेजारच्या दमेकरी आजोबांच्या खिडकीत जात असे, आणि त्यांना श्वासासाठी औषध मीच देत होतो.

रसकल्पांचा प्रश्न अधिक नाजूक आहे. पारदाचा गंधकाशी झालेला संयोग पाण्यात जवळजवळ विरघळत नाही, हा युक्तिवाद मीही केला असता. परंतु नदीतळातील प्राणवायुविरहित गाळात जिवाणू पाऱ्याचे मिथिल पाऱ्यात रूपांतर करू शकतात आणि ते माशांच्या शरीरात साठत जाते. जपानमधील मिनामाता येथे १९५६ मध्ये उघडकीस आलेला व्याधी याच मिथिल पाऱ्यामुळे झाला होता. तेथे पारा कारखान्यातून आला होता व त्याचे प्रमाण प्रचंड होते, हे मान्य. तथापि शोधन-मारणाचे इतके सूक्ष्म नियम सांगणाऱ्या शास्त्राच्या अनुयायांनी तेच द्रव्य नालीत टाकावे, हे शोभणारे नाही.

औषध रुग्णाच्या पलीकडे कोठे पोचते याची आणखी दोन उदाहरणे आपल्या व्यवसायबंधूंनी लक्षात ठेवावीत. जनावरांना दिलेल्या डायक्लोफेनॅकमुळे, त्या मृत जनावरांचे मांस खाणारी गिधाडे मूत्रपिंड निकामी होऊन मरतात, हे २००४ मध्ये सिद्ध झाले व २००६ मध्ये भारतात या औषधाच्या पशुवैद्यकीय उत्पादनावर बंदी आली. तोवर गिधाडांची संख्या विलक्षण घटलेली होती. हैदराबादजवळील पाटनचेरू येथे औषध कारखान्यांचे सांडपाणी शुद्ध करणाऱ्या केंद्रातून बाहेर पडणाऱ्या पाण्यात प्रतिलिटर ३१ मिलिग्रॅमपर्यंत सिप्रोफ्लॉक्सासिन आढळल्याचे २००७ मध्ये प्रसिद्ध झाले. ही आधुनिक औषधे आहेत म्हणून आपण निश्चिंत राहावे, असे नाही. आपल्या औषध विक्रेत्यांच्या फळीवर बहुधा दोन्ही पद्धतींची औषधे शेजारी असतात आणि दोन्ही एकाच नालीत जातात.

सवय कशी मोडावी याचे उत्तर मात्र आपल्या ग्रंथांत आहे व ते कोणत्याही पर्यावरणशास्त्राच्या पुस्तकात मला इतके स्पष्ट आढळले नाही. सूत्रस्थानाच्या सातव्या अध्यायात चरकाचार्य अभ्यस्त अहिताचा त्याग एकदम न करता पादांशिक क्रमाने, मध्ये अंतर ठेवून करावा असे सांगतात; वाग्भटाचार्य पाद किंवा पादपाद, म्हणजे चतुर्थांश किंवा षोडशांश, असा पर्याय देतात. ओकसात्म्य झालेली गोष्ट अहितकर असली तरी ती एकाएकी सोडल्यास विकार होतो, हा त्यामागील विचार. मुलीच्या वर्गात पर्यावरण सप्ताहात सर्वांनी प्लास्टिक पूर्ण सोडण्याची शपथ घेतली होती. आठवड्याच्या आत बहुतेकांनी ती मोडली. तिने मात्र आरंभी फक्त पाण्याची बाटली सोडली व घरून स्टीलची नेऊ लागली. पंधरा दिवसांनी कापडी पिशवी आली. त्यानंतर चहाचे कागदी पेले गेले, कारण त्यांना आतून प्लास्टिकचा लेप असतो हे तिने वाचले. दुचाकी सुटली नाही. भ्रमणध्वनी दर दोन वर्षांनी बदलण्याची हौसही सुटलेली नाही. ज्या सवयीचा परिणाम वहीच्या रकान्यात मोजता आला ती बदलली. ज्याचा परिणाम दूरच्या खाणीत किंवा आकाशात होतो ती तशीच राहिली. पर्यावरणशास्त्र शिकून विद्यार्थी आमूलाग्र बदलतो, असे म्हणणाऱ्यांनी हा भेद लक्षात घ्यावा.

दवाखान्यात मीही हाच क्रम स्वीकारला. प्रथम एक कपाट रिकामे करून कालबाह्य औषधे केवळ वेगळी ठेवली, फेकली नाहीत. दोन महिन्यांत जो ढीग झाला तो पाहून मागणीच्या वह्या काढल्या. बारावर एक मोफत अशा योजनांच्या मोहाने घेतलेला माल त्यात सर्वाधिक होता. पुढच्या टप्प्यात ती खरेदी कमी केली. त्यानंतर काढ्यासाठी रुग्णांनी स्वतःची काचेची बाटली स्वच्छ करून आणावी असे सुचविले. जुन्या रुग्णांना ते आवडले, नव्यांना कमीपणाचे वाटले. चूर्णाच्या पुड्यांविषयी एक सावधानता सांगतो. जुने ते सर्व पर्यावरणपूरक असे समजून वर्तमानपत्राच्या कागदात चूर्ण बांधू नये. छपाईच्या शाईतील घातक द्रव्ये अन्नात उतरतात म्हणून अन्नसुरक्षा प्राधिकरणाने डिसेंबर २०१६ मध्ये खाद्यपदार्थांबाबत तसा इशारा दिला होता, आणि औषधास तो अधिकच लागू पडतो. कोरा पांढरा कागद वापरावा.

राहिला त्या कपाटाचा प्रश्न. औषधे व सौंदर्यप्रसाधने नियमांतील १६१-ब अन्वये आयुर्वेदिक औषधांवरही कालमर्यादा छापली जाते, तेव्हा कालबाह्य माल निघणारच. जैववैद्यकीय कचरा नियम २०१६ आयुष रुग्णालये व लहान दवाखान्यांनाही लागू आहेत. कालबाह्य औषधे पिवळ्या पिशवीत घालून अधिकृत सामाईक केंद्राच्या गाडीकडे द्यावयाची असतात. खाटा नसलेल्या दवाखान्यास प्रदूषण नियंत्रण मंडळाचा प्राधिकार एकदाच घ्यावा लागतो, हे अनेकांना ठाऊक नसते. मी तो घेतला. आमच्याकडे गाडी नियमित येत नाही, तेव्हा महिन्यातून एकदा फोन करून दिवस ठरवावा लागतो.

आधुनिक औषधांचे घाऊक विक्रेते कालबाह्य माल बहुधा परत घेतात. आयुर्वेदिक मालाबाबत मी एका कंपनीच्या प्रतिनिधीस विचारले असता, ‘डॉक्टरसाहेब, आमच्याकडे तशी पद्धत नाही,’ असे उत्तर मिळाले. दुसऱ्या एका लहान उत्पादकाने मात्र पुढील मागणीतून रक्कम वळती करण्याची तयारी दाखविली. मागणी नोंदवितानाच परतीची अट लेखी घातली, तर एकट्या वैद्यास नकार देणे सोपे असते. एका तालुक्यातील सर्व औषध विक्रेत्यांनी एकत्र मागितल्यास तसे राहात नाही. सावनेर तालुक्यातील काही विक्रेत्यांशी याविषयी बोलणे झाले असून, मागणीपत्रावर छापावयाच्या अटीचा मसुदा आम्ही तयार करीत आहोत. तो हवा असल्यास वैद्यबंधूंनी व औषधालय चालकांनी त्रैमासिकाच्या पत्त्यावर कळवावे. माझ्या कपाटात रसकल्पांच्या तीन सीलबंद बाटल्या अजून पडून आहेत. त्या पुढील गाडीने जातील.