पन्नास दिवसांची उधारी



नागपूरच्या पूर्व भागात लकडगंज नावाची वस्ती आहे. तिचा धंदा तिच्या नावातच सांगितलेला आहे. येथे लाकडाचे टाल आहेत, आरा मशीन आहेत आणि रस्त्याने चालताना भुशाचा वास येतो. चंद्रपूर-गडचिरोलीच्या जंगलातील सागवान येथे विकायला येते, तसेच परदेशी लाकूडही येते. दारे, खिडक्या, पलंग, कपाटे बनवणारे कारागीर येथूनच माल नेतात.

अशा बाजारात सगळा व्यवहार रोखीने होत नाही. कारागीर ओळखीच्या टालावर जातो, लाकूड निवडतो आणि म्हणतो, "शेठजी, लिहून ठेवा. गिऱ्हाइकाचे पैसे आले की देतो." शेठजी वहीत लिहितात. मुदत ठरते. मुदतीच्या आत पैसे दिले, तर कारागिराला एक रुपयाही जास्त लागत नाही. पैसे लांबले, की मग शेठजींचा आवाज बदलतो. काही ठिकाणी उधारीचा भावच रोखीपेक्षा थोडा जास्त लावलेला असतो, हे मात्र चतुर गिऱ्हाइकालाच कळते.

आज आपण ज्या वस्तूची माहिती घेणार आहोत, ती अशीच उधारीची वही आहे. फरक एवढाच, की ती प्लास्टिकची आहे, खिशात मावते आणि ती बँकेने दिलेली असते. तिला क्रेडिट कार्ड म्हणतात.

माहिती सुरू करण्यापूर्वी एक गंमत सांगतो. या धड्यात मुदत, रक्कम, बाकी, तारीख, वसुली, जमा, खर्च असे शब्द येतील. ते तुम्हांला परके वाटणार नाहीत, कारण हे सगळे शब्द उर्दूतही आहेत. मराठी माणसाने हिशेबाचे कितीतरी शब्द फारसी-अरबीतून घेतले आणि आपलेसे केले. फक्त 'सूद' या शब्दाला मराठीत 'व्याज' म्हणतात, एवढे लक्षात ठेवा. या धड्यात तो शब्द पुष्कळ वेळा येणार आहे.

बँकेची दोन प्रकारची कार्डे असतात. डेबिट कार्डाने पैसे दिले, की ते लगेच आपल्या खात्यातून जातात. म्हणजे ते आपलेच पैसे असतात. क्रेडिट कार्डाने पैसे दिले, तर ते बँक देते. दुकानदाराला बँकेकडून पैसे मिळतात आणि आपण बँकेचे देणेकरी होतो. ही दोन्ही कार्डे दिसायला सारखीच असतात, म्हणून पुष्कळांचा गोंधळ होतो. २०२२ सालापासून रुपे क्रेडिट कार्ड यूपीआयला जोडण्याची सोय झाली आहे. त्यामुळे मोबाइलने क्यूआर कोड स्कॅन करूनही उधारी करता येते. चहाच्या टपरीवर स्कॅन केलेले पैसे आपल्या खात्यातून गेले की बँकेच्या, हे बघायला माणूस क्षणभरही थांबत नाही. माझ्या मते ही सोय जितकी चांगली, तितकीच सांभाळून वापरण्याची आहे.

आता मुख्य प्रश्न. बँक पैसे देते आणि तरीही व्याज घेत नाही, असे कसे होते?

याचे उत्तर दोन तारखांत आहे. पहिली तारीख बिलाची. महिन्यातून एका ठरावीक दिवशी बँक मागील महिनाभराची सर्व खरेदी एकत्र करून बिल काढते. दुसरी तारीख भरण्याची. बिल निघाल्यानंतर साधारण अठरा-वीस दिवसांनी ती येते. त्या दिवसापर्यंत बिलाची संपूर्ण रक्कम भरली, तर खरेदीवर व्याज लागत नाही. खरेदीच्या दिवसापासून भरण्याच्या तारखेपर्यंतचा जो काळ, त्याला बिनव्याजी मुदत म्हणतात.

आपण एक उदाहरण घेऊ. समजा, लकडगंजातील एका कारागिराकडे क्रेडिट कार्ड आहे. त्याचे बिल दर महिन्याच्या १० तारखेला निघते आणि वीस दिवसांनी, म्हणजे ३० तारखेला, पैसे भरायचे असतात. त्याला २०,००० रुपयांचा विजेचा रंधा आणि इतर अवजारे घ्यायची आहेत.

त्याने १० जुलैला खरेदी केली, तर ती त्याच दिवशीच्या बिलात येईल. पैसे ३० जुलैपर्यंत द्यावे लागतील. मुदत मिळाली २० दिवसांची.

त्याने एक दिवस थांबून ११ जुलैला खरेदी केली, तर ती १० जुलैच्या बिलात येणार नाही. ती १० ऑगस्टच्या बिलात येईल आणि पैसे ३० ऑगस्टपर्यंत द्यायचे असतील. जुलैचे २० दिवस आणि ऑगस्टचे ३० दिवस, असे एकूण ५० दिवस झाले. एक दिवस थांबल्याने तीस दिवसांची मुदत वाढली!

जाहिरातीत 'पन्नास दिवसांपर्यंत बिनव्याजी' असे लिहिलेले असते. त्यातील 'पर्यंत' हा छोटासा शब्द नीट वाचा. पन्नास दिवस प्रत्येक खरेदीला मिळत नाहीत. बिलाच्या दुसऱ्या दिवशी केलेल्या खरेदीला ते मिळतात. तेथून पुढे रोज एक दिवस कमी होत जातो.

तुम्ही विचाराल, बँक हे दान का करते? दान नाही, मुलांनो. कारागिराने २०,००० रुपयांचे कार्ड चालवले, तेव्हा दुकानदाराला पूर्ण २०,००० रुपये मिळत नाहीत. दर शंभर रुपयांमागे दोन रुपयांच्या आसपास रक्कम कापली जाते. दोन रुपये धरले, तर येथे ४०० रुपये कापले गेले. ही रक्कम कार्ड देणारी बँक, दुकानात यंत्र बसवणारी बँक आणि कार्डाची कंपनी यांच्यात वाटली जाते. म्हणून काही दुकानदार कार्ड पाहताच "रोख असेल तर बघा ना" असे म्हणतात. काही कार्डांना वार्षिक शुल्कही असते. आणि बँकेची मोठी कमाई होते ती वेळेवर पूर्ण पैसे न भरणाऱ्यांच्या व्याजातून. जो दर महिन्याला पूर्ण बिल भरतो, त्याच्या बिनव्याजी मुदतीचा खर्च काही अंशी दुसरा कोणी तरी सोसत असतो, हे ऐकायला बरे वाटत नाही; पण ते खरे आहे.

या कार्डाचा इतिहास पाहिला तर ही गोष्ट अधिक स्पष्ट होते. १९५० साली अमेरिकेतील न्यूयॉर्क शहरात डायनर्स क्लब नावाचे कार्ड निघाले. हॉटेलात जेवायचे, कार्ड दाखवायचे आणि महिन्याच्या शेवटी सगळे बिल चुकते करायचे. बाकी पुढे ढकलण्याची सोय त्यात नव्हती. १९५८ साली बँक ऑफ अमेरिकाने कॅलिफोर्निया राज्यातील फ्रेस्नो गावात आपले कार्ड वाटले. त्यात मात्र थोडे पैसे भरून उरलेली बाकी व्याजासह पुढे नेता येत होती. हेच कार्ड पुढे १९७६ साली 'व्हिसा' या नावाने ओळखले जाऊ लागले. आपल्या देशात १९८० साली सेंट्रल बँक ऑफ इंडियाने 'सेंट्रल कार्ड' काढले. आजच्या क्रेडिट कार्डात न्यूयॉर्कचा आणि फ्रेस्नोचा असे दोन्ही स्वभाव आहेत. यांपैकी कोणता वापरायचा, हे कार्ड बाळगणाऱ्याच्या हातात असते.

आता आपल्या कारागिराकडे परत जाऊ. त्याने ११ जुलैला २०,००० रुपयांची खरेदी केली. ३० ऑगस्टला त्याच्याजवळ १९,००० रुपये होते. ते त्याने भरले. बाकी राहिली १,००० रुपये. कार्डावर व्याजाचा दर महिन्याला साडेतीन टक्के आहे असे धरू. तर किती व्याज लागेल?

वर्गात हा प्रश्न विचारला, की बहुतेक मुले झटपट सांगतात, "हजारावर साडेतीन टक्के, म्हणजे ३५ रुपये." उत्तर सरळ वाटते, पण ते चुकीचे आहे.

संपूर्ण बिल भरले नाही, की बिनव्याजी मुदत रद्द होते. जणू ती दिलीच नव्हती. अनेक बँकांच्या नियमांनुसार व्याज खरेदीच्या दिवसापासून मोजले जाते आणि पैसे भरले त्या दिवसापर्यंत ते पूर्ण २०,००० रुपयांवर लागते. महिन्याला साडेतीन टक्के म्हणजे वर्षाला ४२ टक्के. २०,००० रुपयांवर ५० दिवसांचे व्याज सुमारे १,१५१ रुपये होते. उरलेल्या १,००० रुपयांवर ३० ऑगस्ट ते १० सप्टेंबर या ११ दिवसांचे सुमारे १३ रुपये. एकूण १,१६४ रुपये. या व्याजावर १८ टक्के जीएसटी, म्हणजे आणखी सुमारे २०९ रुपये. सारी बेरीज १,३७३ रुपये झाली. बाकी होती हजाराची आणि दंड पडला हजारापेक्षा जास्त!

संकट येथेच संपत नाही. जोपर्यंत मागील बाकी पूर्ण फिटत नाही, तोपर्यंत नव्या खरेदीलाही बिनव्याजी मुदत मिळत नाही. सप्टेंबरात त्याने फेव्हिकॉल आणि स्क्रू घेतले, तरी त्यांच्यावर पहिल्या दिवसापासून व्याज सुरू होते.

आता दुसरी बाजू मोजू. समजा त्याने संपूर्ण पैसे वेळेवर भरले आणि ते ५० दिवस त्याचे २०,००० रुपये बचत खात्यात राहिले. तेथे वर्षाला ४ टक्के व्याज मिळते असे धरू. पन्नास दिवसांचे झाले सुमारे ११० रुपये. म्हणजे सगळे नीट पार पडले तर ११० रुपयांचा फायदा आणि हजार रुपये कमी पडले तर १,३७३ रुपयांचा तोटा. हे दोन आकडे शेजारी शेजारी लिहून पाहा. ज्या घरांत व्याज घेणे आणि देणे दोन्ही टाळतात, त्यांना ११० रुपयांचे आकर्षण नसतेच; पण त्यांच्यासाठी ३० ऑगस्ट ही तारीख आणखी मोलाची आहे.

बिलावर दोन रकमा छापलेल्या असतात. एक 'एकूण देय रक्कम' आणि दुसरी 'किमान देय रक्कम'. आपल्या उदाहरणात पहिली २०,००० असेल आणि दुसरी १,००० च्या आसपास. किमान रक्कम पाहून माणसाला हायसे वाटते. एवढेच भरायचे होते तर! पण किमान रक्कम भरल्याने फक्त उशिराचा दंड टळतो. व्याज टळत नाही. १९,००० रुपये बाकी असताना एका महिन्याचे व्याज ६६५ रुपये आणि त्यावरील जीएसटी सुमारे १२० रुपये होतो. पुढच्या महिन्यात कारागिराने पुन्हा १,००० रुपये भरले, तर त्यांतील ७८५ रुपये व्याज आणि करातच जातात. मूळ कर्ज फिटते अवघे २१५ रुपयांनी. या गतीने तो रंधा झिजून भंगारात जाईल, तरी त्याचे पैसे चालूच राहतील. केवळ किमान रक्कम भरत राहिल्यास कर्ज फिटायला महिने किंवा वर्षे लागतील, अशी सूचना बिलावर छापण्याचे बंधन रिझर्व्ह बँकेने घातले आहे. ती बारीक अक्षरांत असते. घरात कोणाचे बिल आले, तर ती शोधून वाचून दाखवा.

आणखी एक सूचना. क्रेडिट कार्डाने एटीएममधून रोख रक्कम काढता येते, पण तिला बिनव्याजी मुदत नसते. त्याच दिवसापासून व्याज सुरू होते आणि वर शुल्कही लागते. लाकडाच्या गाडीचे भाडे रोख द्यायचे म्हणून कार्ड एटीएममध्ये घालू नये.

एवढे जास्त व्याज घेता येते का, असा प्रश्न न्यायालयातही गेला होता. २००८ साली राष्ट्रीय ग्राहक आयोगाने सांगितले, की क्रेडिट कार्डावर वर्षाला ३० टक्क्यांपेक्षा जास्त व्याज घेणे ही अनुचित व्यापारी प्रथा आहे. बँका सर्वोच्च न्यायालयात गेल्या. २० डिसेंबर २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने आयोगाचा तो निर्णय रद्द केला. व्याजदराचा विषय रिझर्व्ह बँकेच्या अखत्यारीतील आहे, असे न्यायालयाने म्हटले. त्यामुळे ३० टक्क्यांची ती मर्यादा आज नाही. आपल्या कार्डाचा दर किती, हे कार्डाबरोबर आलेल्या कागदांतच पाहावे लागते.

तरी ग्राहकाच्या बाजूचे काही नियम आहेत. रिझर्व्ह बँकेने २०२२ साली क्रेडिट कार्डांसाठी सविस्तर निर्देश काढले. भरण्याची तारीख उलटून तीन दिवसांपेक्षा जास्त झाले, तरच बँकेला उशिराचा दंड लावता येतो. न भरलेले शुल्क किंवा कर मूळ रकमेत मिसळून त्यावर व्याज आकारता येत नाही. हिशेबात चूक दिसली तर आधी बँकेकडे लेखी तक्रार करावी. तीस दिवसांत समाधान झाले नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे तक्रार करता येते. त्यासाठी फी लागत नाही.

त्याच निर्देशांत बिलाची तारीख बदलून घेण्याची सोयही आहे. निदान एकदा तरी ही संधी ग्राहकाला द्यावीच लागते. याचा उपयोग आपल्या कारागिराला चांगला होईल. समजा, त्याचे मोठे गिऱ्हाईक दर महिन्याच्या १ तारखेला पैसे देते. ३० तारखेला त्याचा खिसा रिकामा असतो आणि दुसऱ्याच दिवशी किंवा त्याच्या पुढच्या दिवशी भरतो. तेवढ्या उशिराने दंड लागणार नाही, पण बिनव्याजी मुदत जाऊ शकते. त्याने बँकेला कळवून बिलाची तारीख १० ऐवजी १८ करून घ्यावी. मग भरण्याची तारीख पुढच्या महिन्याच्या ७ किंवा ८ तारखेला येईल. गिऱ्हाइकाचे पैसे आठवडाभर आधीच हातात आलेले असतील. १ तारखेला पैसे मोजून घ्यायचे, कार्डाचे बिल पूर्ण भरायचे आणि मगच टालावर जाऊन नवे लाकूड निवडायचे.