४२९४९६७२९७ : पाच वेळा जमलं, सहाव्यांदा फसलं

संख्या आहे २^३२ + १, म्हणजे ४,२९,४९,६७,२९७. ३२ बिटांत मावणाऱ्या सर्वांत मोठ्या संख्येपेक्षा ही फक्त दोनने मोठी आहे.

फर्माने १६४० मध्ये एक क्रम पाहिला: २^१ + १, २^२ + १, २^४ + १, २^८ + १, २^१६ + १. दर वेळी घातांक दुप्पट. उत्तरं ३, ५, १७, २५७, ६५५३७, आणि पाचही मूळ संख्या! पुढच्याही सगळ्या मूळच असणार असं त्याला वाटलं. सिद्धता मात्र त्याच्याकडे नव्हती. १७३२ मध्ये ऑयलरने दाखवलं की लगेच पुढची संख्याच फुटते: ६४१ × ६७००४१७.

आता ६४१ सापडतो कसा? नुसता भागाकार करत बसायचं तर वर्गमूळापर्यंत, म्हणजे साधारण ६५,५३६ पर्यंत, ६,५४२ मूळ संख्या आहेत. एवढ्या तपासायची गरज नाही. समजा मूळ संख्या 'प' हिला भागते. मग २^३२ ला प ने भागून बाकी −१ येते, आणि वर्ग केला की २^६४ ची बाकी १. म्हणजे २ च्या घातांच्या बाक्या बरोबर ६४ पावलांनी फिरून येतात, त्याआधी नाही. (का नाही, ते वहीत करून बघाच.) फर्माचं छोटं प्रमेय सांगतं की २^(प−१) ची बाकी १ असते. म्हणून प−१ ला ६४ ने भाग जायलाच हवा. अशा मूळ संख्या ओळीने १९३, २५७, ४४९, ५७७, ६४१. पाचव्या प्रयत्नात काम झालं!

मला स्वतःला खरी गंमत पुढे वाटते. संख्या 'न' मूळ असेल, तर याच प्रमेयानुसार २^(न−१) ची बाकी १ यायला हवी. आपल्या संख्येसाठी करून बघितलं तर १ च येते! कारण वर आलंच आहे: न−१ म्हणजे २^३२, आणि तो ६४ च्या पटीत आहे. फर्माच्या क्रमातली प्रत्येक संख्या, मूळ असो वा नसो, ही चाचणी पास होणारच. म्हणजे इथे २ घेऊन केलेल्या चाचणीतून काहीच कळत नाही.

२ च्या जागी ३ घ्या. ३ चा वर्ग, त्याचा वर्ग, असं ३२ वेळा करायचं आणि दर वेळी फक्त बाकी ठेवायची. शेवटी येते ३०२९०२६१६०. १ नाही, म्हणजे संख्या मूळ नाही. ६४१ चं नावही न घेता निकाल लागला. प्रमेय फर्माचंच होतं आणि हिशोब हाताने होण्यासारखा होता, फक्त किचकट.

अशा प्रकारची पक्की चाचणी पेपँने १८७७ मध्ये दिली. तिच्यामुळे विचित्र परिस्थिती उभी राहते: २^(२^२०) + १ ही ३,१५,६५३ अंकी संख्या मूळ नाही हे सिद्ध झालंय, पण तिचा एकही विभाजक अजून कुणाला सापडलेला नाही.