भूल देणाऱ्यालाच पडलेली भूल

१८८४ मध्ये व्हिएन्नात कार्ल कोलरने कोकेनने डोळा बधिर करून दाखवला. ते वाचून न्यूयॉर्कचा सर्जन विल्यम हॉल्स्टेड स्वतःच्या नसांभोवती कोकेन टोचून पाहू लागला. नस बधिर करण्याची पद्धत हाती आली खरी, पण तो आणि त्याचे काही सहकारी व्यसनात अडकले. त्यावर उपचार म्हणून मॉर्फिन, म्हणजे आगीतून फुफाट्यात! पुढे बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स रुग्णालयात हॉल्स्टेडने मोठं नाव कमावलं. मॉर्फिन मात्र सुटलं नाही. त्याचे सहकारी विल्यम ऑस्लर यांनी लिहून ठेवलेलं हे गुपित १९६९ मध्ये उघड झालं.

आज भूलतज्ज्ञांच्या व्यसनात मॉर्फिनची जागा फेंटानिल या वेदनाशामकाने घेतली आहे. ते मॉर्फिनच्या ५० ते १०० पट प्रखर. एरवी डॉक्टर औषध लिहून देतो आणि नर्स टोचते. भूलतज्ज्ञ मात्र स्वतःच सिरिंज भरतो, टोचतो आणि नोंदही करतो. उरलेलं औषध खरंच फेकलं का, हे पाहणारं दुसरं कोणी नसलं की वाट मोकळी.

अमेरिकेत १९७५ ते २००९ दरम्यान प्रशिक्षण सुरू केलेल्या ४४,६१२ भूलतज्ज्ञांपैकी ३८४ जणांत शिकतानाच व्यसन आढळलं. २८ जण त्याच काळात त्यापायी दगावले. ‘डोस मला कळतो’ हा विश्वासच घात करतो. काही दिवस खंड पडला की शरीराची सवय मोडते आणि जुनाच डोस श्वास थांबवतो.

सहकारी उकाड्यातही लांब बाह्या घालत असेल, जादा ड्युट्या मागून घेत असेल, तर लगेच कौतुक करू नका; ती व्यसनाची खूण असू शकते. संशय पक्का झाला तर त्याला एकटं सोडू नका. त्याच दिवशी उपचारापर्यंत पोहोचवा.