मणक्याचे दुसरे ऑपरेशन : करावे की थांबावे?



नांदेड-लातूरकडच्या ऊसपट्ट्यात कंबर धरलेला माणूस शोधावा लागत नाही. वाकून खुरपणी, मोळी उचलणे, ट्रॅक्टरच्या सीटवरचे हादरे. कंबर किती सोसणार? काहींचे एक ऑपरेशन झालेले असते. वर्ष-दोन वर्षांनी पुन्हा चमका निघतात आणि एखादे आबा गट ऑफिसात येऊन विचारतात, "डॉक्टर परत ऑपरेशन करा म्हणायलेत. करावं का न करावं?" हो किंवा नाही आम्ही सांगू शकत नाही, ते डॉक्टरांचे काम. पण ते कशावरून ठरवायचे, हे मात्र आपण समजून घेतले पाहिजे.

लागणीचा ऊस तुटला की खोडवा ठेवायचा की मोडायचा, हे आपण फड पाहून ठरवतो. लागणीपेक्षा खोडव्याचे आणि खोडव्यापेक्षा निडव्याचे टनेज सहसा कमी भरते. मणक्याचेही तसेच आहे. दर ऑपरेशनागणिक गुण येण्याची आशा साधारणपणे कमी होत जाते.

असे का होते? कमरेत ५ मणके असतात. दोन मणक्यांमध्ये गादी असते. गादीचा तुकडा बाहेर येऊन नस दाबतो, तेव्हा ढुंगणापासून पोटरीपर्यंत कळ जाते. पहिल्या ऑपरेशनात बहुधा तो तुकडा काढतात. नस मोकळी होते, पायाची कळ थांबते. पण झिजलेली गादी काही नवी होत नाही, म्हणून कंबर थोडीफार दुखत राहू शकते. शिवाय जखम भरताना आत व्रण धरतो व तो कधी नसेला चिकटतो. व्रण काढायला पुन्हा कापले तर पुन्हा व्रणच येतो.

म्हणून पहिल्या ऑपरेशननंतर काय झाले, हे डॉक्टरांना नीट सांगावे.

१. चांगला गुण आला, बरेच महिने बरे गेले आणि एकाएकी तीच पायाची कळ आली, तर नवा तुकडा निघालेला असू शकतो. तपासणीत तो दिसला व दुखण्याशी जुळला, तर दुसऱ्या ऑपरेशनचा उपयोग होण्याची शक्यता बरी असते.

२. पहिल्या दिवसापासून गुणच नाही, तर आधी मूळ निदान पुन्हा तपासून घ्यावे. कारण न शोधता तेच पुन्हा करण्यात अर्थ नाही.

३. थोडे दिवस बरे वाटले आणि हळूहळू दुखणे परतले, तर व्रणाचा संशय घेतात. औषध सोडून काढलेल्या एम.आर.आय.मध्ये व्रण व गादी यांतला फरक बराचसा कळतो.

नुसत्या रिपोर्टवर मात्र जाऊ नये. ज्यांची कंबर कधी दुखली नाही, त्यांच्याही फोटोत गादी सरकलेली दिसते.

नॉर्वेतील डॉक्टरांनी २००६ साली एक प्रयोग प्रसिद्ध केला. गादीचे ऑपरेशन होऊनही कंबर दुखतच राहिलेले ६० रुग्ण घेतले. काहींचे मणके स्क्रूने जोडले. बाकीच्यांना दुखण्याची नीट समज देऊन व्यायाम शिकवला. वर्षाने पाहिले तर दोन्हीकडे साधारण निम्म्यांना गुण आला होता. म्हणजे नुसत्या कंबरदुखीला नेमाने केलेला व्यायाम हा कमी दर्जाचा उपाय नव्हे.

पण काही खुणा दिसल्या तर एक दिवसही थांबू नये. लघवी अडकणे किंवा नकळत होणे, बसण्याची जागा बधिर पडणे, दोन्ही पायांतले बळ जाणे, चप्पल पायातून निसटली तरी न कळणे. अशा वेळी त्याच दिवशी दवाखाना गाठावा. ऑपरेशननंतर ताप येऊन कंबर वाढती दुखत असेल, तरीही लगेच दाखवावे.

घाई नसेल तर दुसऱ्या सर्जनचे मत जरूर घ्यावे. लातूर, नांदेड (विष्णुपुरी) व अंबाजोगाई येथे शासकीय वैद्यकीय महाविद्यालयांची रुग्णालये आहेत. जाताना डिस्चार्ज कार्ड, ऑपरेशनची नोंद, जुने-नवे फोटो सगळे न्यावे. कागद नसतील तर पहिल्या दवाखान्याकडे मागावेत. वैद्यक परिषदेच्या २००२ च्या नियमांनुसार मागणी केल्यावर ते ७२ तासांत द्यावे लागतात. डॉक्टरांना सरळ विचारावे : नेमके काय दुरुस्त करणार? पायाची कळ थांबेल की कंबरेचीही? नाही केले तर काय होईल? महात्मा फुले जन आरोग्य योजनेत हे बसते का, ते आरोग्यमित्राकडून आधीच समजून घ्यावे. मणके जोडायचे असतील तर बिडी-सिगारेट सोडलीच पाहिजे. धुराने हाड सांधत नाही.

शेवटी एकच सांगणे. उसाचे बिल हातात आले म्हणून ऑपरेशन उरकून घ्यायचे, असे करू नका. आणि बिल यायचे आहे म्हणून लघवी अडकलेल्या माणसाला घरी ठेवू नका. कारण नक्की झाले तर धीराने करावे. कारण सापडत नसेल तर थांबण्यात कमीपणा नाही. फक्त थांबणे म्हणजे खाटेवर पडून राहणे नव्हे. रोज चालावे, शिकवलेला व्यायाम करावा आणि खताचे पोते तरण्या पोरांना उचलू द्यावे.

कळावे.