शेंदूर आणि आपल्या बालकांचे आरोग्य



श्रीमारुती व श्रीगणेश यांच्या मूर्तींना तेल-शेंदूर अर्पण करण्याची प्रथा फार पुरातन आहे. आपण ज्याला शेंदूर चढविणे म्हणतो, त्यालाच इकडे माळव्यात चोला चढविणे म्हणतात. दर्शनानंतर श्रींच्या चरणांवरील शेंदूर बोटाने घेऊन तो तान्ह्या बाळाच्या कपाळी लावावा, हीही अनेक घरांतील रीत आहे. या रीतीमागील भाव निर्मळ आहे, याविषयी शंका नाही. तथापि शेंदूर हा पदार्थ मुळात काय आहे, हे प्रत्येक माता-पित्यास ठाऊक असावे, म्हणून हा लेखनप्रपंच.

कुंकू आणि शेंदूर हे दोन्ही मंगल मानले जातात. परंतु त्यांची घडण अगदी भिन्न आहे. पारंपरिक कुंकू हळदीपासून होते. हळकुंडांवर लिंबाचा रस व टाकणखार यांची क्रिया झाली की पिवळा रंग पालटून लाल होतो. शेंदूर मात्र शिशापासून तयार होतो. शिसे हवेत तापविले असता प्रथम मुर्दाडशिंग बनते आणि ते आणखी भाजले की नारिंगी-लाल शेंदूर मिळतो. लोखंड गंजू नये म्हणून लावावयाच्या रंगातही हाच पदार्थ वापरला जात असे.

शुद्ध शेंदराच्या १० ग्रॅममध्ये सुमारे ९ ग्रॅम शिसेच असते. याउलट घरगुती व सजावटीच्या रंगांमध्ये शिशाचे प्रमाण दहा लाख भागांत ९० भागांहून अधिक नसावे, असा नियम केंद्र शासनाने २०१६ साली केला. जे भिंतीच्या रंगातही वर्ज्य ठरले, ते बाळाच्या कपाळी असावे काय, याचा विचार व्हावा.

कपाळावरील टिळ्यातून त्वचेत फारसे शिसे शिरत नाही. खरा धोका तोंडावाटे आहे. बाळ कपाळ चोळते आणि तीच बोटे चोखते. मोठ्या माणसाच्या पोटात गेलेल्या शिशापैकी जेवढा अंश शरीरात शोषला जातो, त्याच्या चार ते पाच पट अंश लहान मुलाच्या शरीरात शोषला जाऊ शकतो. आहारात लोह व कॅल्शियम कमी असल्यास हे प्रमाण अधिकच वाढते. शिसे कॅल्शियमप्रमाणे हाडांत साठून राहते आणि गर्भवती मातेच्या रक्तातून गर्भापर्यंतही पोहोचते. त्याने वाढत्या मेंदूची हानी होते. बुद्धी व एकाग्रता उणावते. ही हानी बहुधा भरून येत नाही आणि आरंभी तिचे लक्षणही दिसत नाही. शिशाचे कोणतेही प्रमाण सुरक्षित म्हणता येत नाही, असे जागतिक आरोग्य संघटनेचे मत आहे. युनिसेफच्या २०२० सालच्या अहवालानुसार जगातील सुमारे ८० कोटी मुलांच्या रक्तात चिंताजनक प्रमाणात शिसे आहे.

बाजारात शेंदूर म्हणून विकली जाणारी प्रत्येक पूड शिशाचीच असते असे नाही; पण डोळ्यांनी पाहून तो भेद कळत नाही. म्हणून सर्व भाविकांस आमची नम्र विनंती:

१. मूर्तीवरील शेंदूर बालकांच्या कपाळी वा ओठी लावू नये. त्याऐवजी सहाणेवर उगाळलेले चंदनाचे गंध लावावे.

२. भांगात भरावयाच्या सिंदूराची डबी व देवघरातील शेंदूर मुलांच्या हाती लागणार नाही, असा उंचावर ठेवावा. हाताळल्यावर हात साबणाने धुवावेत.

३. सांडलेली पूड झाडूने न उडविता ओल्या फडक्याने पुसून घ्यावी.

४. मुलांच्या डोळ्यांत बाजारातील सुरमा घालू नये. काही सुरम्यांत शिसे असते.

५. स्वयंपाकासाठी शक्यतो सबंध हळकुंडे आणून दळून घ्यावीत. मात्र फार भडक पिवळी हळकुंडे टाळावीत, कारण त्यांवर शिसेयुक्त रंग चोळलेला असू शकतो.

६. शंका वाटल्यास डॉक्टरांच्या सल्ल्याने मुलाच्या रक्तातील शिशाची तपासणी करून घ्यावी.

यात परंपरेचा अनादर नाही. शेंदूर देवाला अर्पण केला, तो देवापाशीच राहू द्यावा. बाळाला हवा असतो तो आशीर्वाद, आणि तो श्रींच्या चरणी मस्तक टेकविल्यानेच लाभतो. सर्व बालकांस उत्तम बुद्धी व दीर्घायुष्य लाभो, हीच श्रीचरणी प्रार्थना.